चेक माणसाचं ‘नो’ आणि ग्रीक माणसाचं ‘ने’

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही चेक प्रजासत्ताकात ब्रनोला नोकरी करता. तुम्ही काही सांगत असलात की शेजारी बसणारा सहकारी मध्येमध्ये ‘नो, नो, नो’ म्हणतो, तुम्ही बिचकून थांबता आणि तोच तुमच्याकडे ‘थांबलास का?’ अशा नजरेनं बघतो. पुढे सुट्टीत ग्रीसला गेलात, तर खोली शिल्लक आहे का विचारल्यावर हॉटेलवाला ‘ने, ने’ म्हणाला आणि किल्ली हातात दिली. म्हणून तुम्ही विचारता: हा ‘नो’ आणि हा ‘ने’ आपल्या ‘ना’च्याच घरातले का? असतील तर अर्थ असा उलटा कसा झाला?

मी सव्वीस वर्षं दुभाषी म्हणून काम करते. मुख्यतः जर्मन, गरजेपुरती फ्रेंच, आणि कारखान्यांच्या निमित्तानं कानावर पडून पडून थोडी चेक. ‘ना’चं नातं युरोपभर पसरलंय हा तुमचा संशय खरा आहे. फक्त तुम्ही ज्या दोघांना पकडलंत ते त्या घरातले नाहीत. आणि या सगळ्यात मला जी गोष्ट सर्वांत मजेची वाटते ती अशी: युरोपातल्या बहुतेक भाषांना नकार वाडवडिलांकडून मिळालाय, पण होकार मात्र ज्यानं त्यानं आपापल्या घरी, हाताला लागेल त्या सामानातून केलाय. त्यामुळे नकार सगळीकडे ओळखीचा वाटतो आणि होकार प्रत्येक सीमेवर बदलतो.

आधी तुमच्या सहकाऱ्याला मोकळं करू. चेकमध्ये रीतसर होकार म्हणजे ‘आनो’. लग्नात, कोर्टात, कचेरीत ‘आनो’. नकार म्हणजे ‘ने’, आखूड, आपल्या ‘ने’सारखाच. पण माणसं रोजच्या बोलण्यात ‘आनो’ फारसं म्हणत नाहीत. ती म्हणतात ‘यो’, ज्यावर शेजारच्या जर्मनची छाप आहे, किंवा म्हणतात ‘नो’. हा ‘नो’ आपल्या ‘हं’च्या जातीचा उद्गार आहे. आजी फोनवर ‘हं... हं... बरं... मग?’ करत राहते ना, ते सगळं काम चेक माणूस एकट्या ‘नो’कडून करून घेतो. ‘नो यो’ म्हणजे ‘हो की गं’. पोलंडमध्येही हाच ‘नो’ चालतो. ‘नो ताक’ म्हणजे ‘हो तर’ आणि ‘नो न्ये’ म्हणजे ‘छे, नाही’, म्हणजे स्वतः ‘नो’ला ना होकाराची बाजू ना नकाराची, तो फक्त दार उघडतो. रशियनमध्ये तसाच दिसणारा ‘नो’ म्हणजे ‘पण’, शिवाय घोड्याला ‘चल’ म्हणायलाही ‘नो!’. इंग्रजी ‘नो’ यांच्यापैकी कुणाचाही कुणी लागत नाही.

आता ‘न’चं घराणं. संस्कृत ‘न’, लॅटिन ‘ने’, गॉथिक ‘नि’, स्लाव्ह भाषांमधला ‘ने’: हे सगळं एकाच मूळ शब्दाचं पीक आहे, यात कुणाला शंका नाही. पण एवढासा शब्द. बोलताना गिळला जातो, गर्दीत ऐकू येत नाही, आणि नकार तर ऐकू यायलाच हवा. म्हणून प्रत्येक भाषेनं त्याला कुठली तरी काठी धरायला दिली. जर्मन ‘नाइन’ म्हणजे ‘नि’ अधिक ‘आइन’, ‘एकही नाही’. लॅटिनचा ‘नोन’, ज्यातून फ्रेंच ‘नॉं’, इटालियन आणि स्पॅनिश ‘नो’ आले, तोही मुळात ‘ने’ अधिक ‘ओइनोम’, परत ‘एकही नाही’. आपल्याकडे संस्कृतनं ‘न’ला ‘एक’ जोडला तर ‘नैक’ आणि ‘अनेक’ तयार झाले, म्हणजे पुष्कळ! तिकडे ‘एक नाही’ म्हणजे शून्य, इकडे ‘एक नाही’ म्हणजे ढीगभर. तर्क दोन्हीकडे बरोबर आहे.

रशियन ‘न्येत’ तर मराठी माणसाला फार लवकर जमतो. तो ‘ने’ अधिक ‘येस्त’ अधिक ‘तू’ असा झिजून झालाय. ‘येस्त’ म्हणजे आपला ‘अस्ति’, ‘तू’ म्हणजे ‘इथे’. ‘इथे नाहीये.’ म्हणून रशियनमध्ये ‘साखर नाही’ यातला ‘नाही’ही ‘न्येत’ आणि ‘येतोस का?’ ला उत्तर म्हणून दिलेला ‘नाही’ही ‘न्येत’. इंग्रजीत या दोन कामांना दोन वेगळ्या रचना लागतात. मराठीत लागत नाहीत, कारण ‘नाही’च्या पोटातही ‘आहे’ बसलेला आहे. म्हणून तर तो क्रियापदासारखा चालतो: तू नाहीस, ते नाहीत. वर आपल्याकडे ‘नव्हे’, ‘नको’, ‘नये’ अशी चुलत भावंडं वेगळी आहेत, प्रत्येकाचं काम वेगळं. (एका जर्मन बाईंना मराठी शिकवताना ‘हा चहा नाही’, ‘हा चहा नव्हे’ आणि ‘हा चहा नको’ यांतला फरक समजावण्यात माझी अख्खी सकाळ गेली. चहा निवला.) ‘नाही’ चालवण्याचा हा प्रकार युरोपात बघायचा असेल तर फिनलंडला जा. तिथे नकार हे सरळ क्रियापदच आहे: मी ‘एन’, तू ‘एत’, तो ‘एइ’, आम्ही ‘एम्मे’. फिनिशचं आपल्या भाषांशी कुळाचं नातं नाही, तरी सोय तीच सुचली.

काठी धरायला द्यायच्या या प्रकारात सगळ्यांत पुढे गेले फ्रेंच. त्यांच्याकडे आधी नुसता ‘न’ होता. मग जोर द्यायला त्यापुढे बारीकसारीक वस्तू येऊ लागल्या: चालण्याच्या वाक्यात ‘पा’, म्हणजे पाऊल, पिण्याच्या वाक्यात ‘गुत’, म्हणजे थेंब, खाण्याच्या वाक्यात ‘मी’, म्हणजे पावाचा कण. ‘पाऊलभर चाललो नाही, थेंबभर प्यायलो नाही.’ मराठी माणसाला यात नवल नाही. आपण ‘तसूभर हललो नाही’, ‘काडीची अक्कल नाही’ म्हणतोच. तसू हे गजाचं चोविसावं माप होतं हे किती जणांना आठवतं? फ्रेंचमध्ये हळूहळू बाकीच्या वस्तू मागे पडल्या आणि ‘पा’ सगळ्याच वाक्यांत आला, न चालण्याच्या, न पाहण्याच्या, न समजण्याच्यासुद्धा. आणि आता गंमत बघा: बोलण्यातला मूळ ‘न’च गळाला. आजचा पॅरिसचा पोरगा ‘मला माहीत नाही’ला ‘शे पा’ म्हणतो, यात नकार दाखवणारा मूळ शब्द उरलेलाच नाही, फक्त ‘पाऊल’ उरलंय. उद्या कुणी ‘मी तसूभर हललो’ म्हणालं आणि त्याचा अर्थ ‘हललो नाही’ असा घेतला गेला, तर कसं वाटेल? तसंच ते झालंय. डॅनिश भाषापंडित ओटो येस्पर्सेन यांनी १९१७ साली हे चक्र नीट मांडून दाखवलं: नकार झिजतो, मदतनीस येतो, मदतनीस मालक होतो. भाषाशास्त्रात ते त्यांच्याच नावानं ओळखलं जातं.

आणि इथेच तुमचा ग्रीक हॉटेलवाला येतो. ग्रीकमध्ये नकार म्हणजे ‘ओही’, जुन्या ग्रीकमधल्या ‘ऊ’पासून आलेला. ‘न’चं घराणं सगळीकडे नांदत असताना ग्रीकांनाच हा ‘ऊ’ कुठून मिळाला, हे कोडं बरेच दिवस होतं. १९६० साली वॉरन काउगिल या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं त्याचा जो उलगडा मांडला तो मला आजही सुंदर वाटतो. त्याच्या मते मूळ पदबंध होता ‘न’ अधिक ‘आयुष्य, काळ’ अशा अर्थाचा एक शब्द; म्हणजे ‘जन्मात नाही’. हा शब्द आपल्या ‘आयु’चा सख्खा भाऊ. मग फ्रेंचसारखंच झालं: पुढचा ‘न’ गळाला आणि नुसता ‘जन्म’ उरला, नकार म्हणून. याच्या उलट इंग्रजी. जुन्या इंग्रजीत ‘ना’ म्हणजे ‘ने’ अधिक ‘आ’, आणि त्या ‘आ’चा अर्थ ‘सदा, कधीही’. तोही याच ‘आयु’च्या कुळातला. तेव्हा इंग्रजाच्या ‘नो’मध्ये ‘न’ शाबूत आहे आणि ‘आयु’ झिजून स्वरापुरता राहिलाय. ग्रीकाच्या ‘ओही’मध्ये ‘आयु’ राहिला आणि ‘न’ गेला. एकाच घराच्या वाटणीत एकाला दार मिळालं, दुसऱ्याला खिडकी.

‘न’ असा मोकळा सुटल्यावर ग्रीकमध्ये ‘ने’ या उच्चारानं होकार देण्याला कुणाची आडकाठी उरली नाही. तुमचा ‘ने’ जुन्या ग्रीकमधल्या ‘नाइ’चा आजचा उच्चार आहे, अर्थ ‘खरोखर, निश्चित’. ‘ना’शी त्याचा संबंध नाही. ‘ओही’ मात्र ग्रीकांना इतका प्रिय आहे की २८ ऑक्टोबरला त्याची राष्ट्रीय सुट्टी असते: १९४० साली त्या पहाटे मुसोलिनीच्या निर्वाणीच्या मागणीला पंतप्रधान मेताक्सास यांनी नकार दिला. ते तेव्हा ‘ओही’ म्हणालेच नव्हते, फ्रेंचमध्ये ‘मग हे युद्धच’ अशा अर्थाचं काहीतरी म्हणाले असं सांगतात. पण सुट्टी ‘ओही’च्याच नावानं मिळते.

नकाराचं इथवर. होकाराकडे यायचं तर आधी हे लक्षात घ्या की लॅटिनला ‘हो’साठी ठरलेला असा एक शब्दच नव्हता. रोमन माणसाला ‘आलास का?’ विचारलं तर तो ‘आलो’ म्हणायचा. किंवा ‘इता’, ‘सिक’, म्हणजे ‘असंच’. किंवा ‘खरंच’, ‘निश्चित’. हे वाचून तुम्हाला काही चुकल्यासारखं वाटणार नाही, कारण तुम्हीही दिवसभर हेच करता. ‘जेवलास?’ ‘जेवलो.’ ‘डबा घेतलास?’ ‘घेतला.’ ‘हो’ न म्हणता मराठी माणूस सबंध दिवस काढू शकतो. आयरिश माणसाला तर तसा काढावाच लागतो, कारण आयरिशमध्ये हो-नाहीसाठी सुटे शब्दच नाहीत. ‘समजतंय का?’ ‘समजतंय.’ ‘आहे का?’ ‘ता’, म्हणजे ‘आहे’. ‘नील’, म्हणजे ‘नाही’. वेल्शमध्येही प्रश्नातल्या क्रियापदाकडे बघून उत्तर ठरतं: ‘दूध आहे का?’ ला ‘ओइस’, पण ‘पाहिलंस का?’ अशा भूतकाळी प्रश्नाला ‘दो’. त्यामुळे वेल्श शिकणाऱ्याला ‘हो’ म्हणण्याआधी व्याकरण आठवावं लागतं. पोर्तुगीज माणसाकडे ‘सिं’ आहे, तरी ‘आहे का तुझ्याकडे?’ ला तो ‘आहे’ असंच उत्तर देणं पसंत करतो.

लॅटिन मोडून तिच्या मुली वेगळ्या झाल्या तेव्हा प्रत्येकीनं होकार शोधला. इटली, स्पेन, पोर्तुगालनं ‘सिक’ घेतला: सी, सी, सिं. दक्षिण फ्रान्सनं ‘होक’ घेतला, म्हणजे ‘हे’. त्याचं झालं ‘ओक’. उत्तर फ्रान्समध्ये या ‘हे’ला सर्वनाम जोडायची रीत पडली. ‘तू केलंस का?’ ‘ओ जे’, ‘हे, मी’. ‘त्यानं केलं का?’ ‘ओ इल’, ‘हे, तो’. बहुतेक प्रश्न तिसऱ्या माणसाबद्दलच असतात (गावगप्पांचा जोर कुठेही सारखाच), म्हणून ‘ओ इल’ जिंकला, सर्वांसाठी चालू लागला, शेवटचा ल झिजला आणि ‘वी’ उरला. तेव्हा आज पॅरिसमध्ये एखादी बाई स्वतःबद्दल ‘वी’ म्हणते, तेव्हा इतिहासाच्या हिशेबानं ती ‘हे, तो’ असं म्हणत असते. चेक ‘आनो’चीही घडण याच वळणाची, ‘आ’ अधिक ‘ओनो’: ‘आणि ते’. मात्र ब्रनोहून स्पेनला गेलात तर हा शब्द मोठ्यानं म्हणू नका. तिथे ते शरीराच्या एका भागाचं नाव आहे.

या एकेका अक्षरी होकारांनी भूगोल घडवला आहे. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला दान्तेनं लोकभाषांवर लॅटिनमध्ये एक ग्रंथ लिहायला घेतला, तो अपुराच राहिला. त्यात त्यानं तीन बहिणी-भाषांची वाटणी त्यांच्या होकारावरून केली: ओक म्हणणारे, ओइल म्हणणारे, सी म्हणणारे. ‘ओकची भाषा’ म्हणजे लांगदोक; पुढे तो सबंध प्रांतच त्या नावानं ओळखला गेला आणि आजही फ्रान्सच्या नकाशावर, वाइनच्या बाटलीवर ते नाव दिसतं. २०१६ पासून तिथल्या प्रशासकीय प्रदेशाचं नाव ‘ऑक्सितानी’ आहे, त्यातही तोच ‘ओक’. या भाषेची पडती १५३९ च्या राजाज्ञेनं पक्की झाली, जिनं सरकारी कागदपत्रं फ्रेंचमध्येच लिहायला लावली. तरी फ्रेदेरिक मिस्त्राल या ‘ओक’वाल्या कवीला १९०४ साली साहित्याचं नोबेल मिळालंच. दान्तेचं उत्तरेकडचं ज्ञान मात्र कच्चं होतं. जर्मन, इंग्रज, स्लाव्ह आणि हंगेरियन या सगळ्यांना त्यानं ‘यो’ म्हणणारे लोक म्हणून एकाच गाठोड्यात बांधलं. हंगेरियन माणूस ‘इगेन’ म्हणतो आणि त्याच्या भाषेचं या बाकीच्यांशी कुळही जुळत नाही. शब्दावरून माणसांना नाव ठेवायची ही खोड क्रोएशियातही आहे, फक्त तिथे ‘काय?’ धरलाय: ‘श्तो’, ‘चा’ आणि ‘काय’ म्हणणाऱ्या तीन बोली. हो, झाग्रेबच्या आसपास ‘काय’ म्हणजे काय!

आपला ‘होय’ याच पंक्तीत बसतो. तो संस्कृत ‘भवति’, प्राकृत ‘होइ’ यांतून आला, म्हणजे मुळात ‘असतं, होतं’ असं अख्खं विधान. गोव्यात कोकणी माणूस ‘व्हय’ म्हणतो, साताऱ्याकडेही ‘व्हय’ ऐकू येतं. पोर्तुगीजांनी साडेचारशे वर्षं गोव्यात ‘सिं’ म्हटलं, पण ‘व्हय’ काही हलला नाही; होकार ही अशी वस्तू आहे की ती परक्याकडून सहसा घेत नाहीत. सहसा म्हणते, कारण रोमानियननं घेतली. ती लॅटिनची मुलगी, पण होकार ‘दा’, शेजारच्या स्लाव्हांकडून उचललेला. संस्कृतात होकारासाठी ‘आम्’ होता आणि ‘ओम्’ही. छांदोग्य उपनिषद ओमला ‘अनुज्ञाक्षर’ म्हणतं. माणूस कशालाही संमती देतो तेव्हा ‘ओम्’ असंच म्हणतो, असं तिथे लिहिलंय. एवढं वाचून लगेच ‘आमेन’ हा ‘ओम्’चाच अवतार अशी व्हॉट्सॲपी उडी मारू नका. ‘आमेन’ हिब्रू आहे, ‘पक्कं, दृढ’ या अर्थाच्या धातूतला.

मी वर ‘आयु’ आणि ‘अस्ति’ इतक्या सहज दाखवले म्हणून एक खुलासा करायला हवा. शब्द सारखा ऐकू येणं हा नात्याचा पुरावा नसतो. बहुधा तो योगायोगाचाच पुरावा असतो. जर्मन ‘या’ म्हणजे हो, पोलिश आणि चेक ‘या’ म्हणजे मी, फिनिश ‘या’ म्हणजे आणि. तिन्हींचा उच्चार जवळजवळ एक, पण पोलिश ‘या’ हा ‘अहम्’च्या कुळातला आहे, जुन्या स्लाव्हमध्ये तो ‘अझ’ होता आणि बल्गेरियात आजही ‘अझ’च आहे. बास्क भाषेत होकार म्हणजे ‘बाय’. बिल्बावच्या बाजारात सगळे एकमेकांना ‘बाई, बाई’ म्हणताहेत असं वाटतं, त्यावरून बास्क लोक कोल्हापूरचे ठरत नाहीत. ‘दा’ तर विचारूच नका: रशियन हो, इटालियन ‘कडून’, जर्मन ‘तिथे’, वेल्श ‘चांगलं’. खरं नातं बहुतेक वेळा असं समोर दिसत नाही, ‘येस’सारखं झाकलेलं असतं. बहुतेक कोशकार ‘येस’ची फोड जुन्या इंग्रजीतल्या ‘या’ अधिक ‘सिए’ अशी करतात, ‘हो, असो’. हा ‘सिए’ आपल्या ‘स्यात्’चा सख्खा भाऊ, जैनांच्या स्याद्वादातला ‘स्यात्’. ऐकून कुणाला तरी पटेल का?

‘ताक’चा गोंधळ मात्र रोजच्या व्यवहारातला आहे. पोलिश ‘ताक’ म्हणजे हो, मूळ अर्थ ‘असं’. डॅनिश ‘ताक’ म्हणजे आभारी आहे, इंग्रजी ‘थँक’चा भाऊ, मधला न गिळलेला. कॉफी हवी का विचारल्यावर दोघेही ‘ताक’ म्हणतात आणि दोघांनाही कॉफी मिळते, म्हणून भांडण होत नाही. जर्मनीत तसं नाही. तिथे वाढणाऱ्याला नुसतं ‘डांके’ म्हटलं की त्याचा अर्थ ‘आभार, नको’. हवं असेल तर ‘बिटं’ म्हणायचं. पहिल्या खेपेला एका घरी मी तीनदा हसून ‘डांके’ म्हणाले आणि तीनदा बटाट्याचं भांडं माझ्यासमोरून पुढे गेलं.

पण दुभाष्याचं खरं मरण ‘हो-नाही’च्या शब्दात नसतं, ते नकारार्थी प्रश्नात असतं. चाकणच्या एका कारखान्यातली गोष्ट, नाव सांगत नाही. दाबयंत्राचा पंप वाजत होता. जर्मन अभियंत्यानं विचारलं, फिल्टर बदलला नाही का? मी मराठीत तसंच विचारलं. यंत्रावरचा कामगार म्हणाला, “हो.” मी नवखी होते, घाईत ‘डॉख’ म्हणून मोकळी झाले. जर्मनमध्ये ‘डॉख’ ही खास या कामासाठीची वस्तू आहे: प्रश्नात ‘नाही’ असेल आणि तुम्हाला ते खोडायचं असेल तर ‘डॉख’, म्हणजे ‘बदललाय की’. कामगाराच्या मनातलं वाक्य होतं, ‘हो, नाही बदलला.’ मराठी ‘हो’ समोरच्याच्या वाक्याला मान डोलावतो. जर्मन उत्तर प्रत्यक्षात काय घडलं ते सांगतं. अभियंत्यानं वहीत ‘फिल्टर नवा’ असं लिहिलं आणि पुढचा अर्धा दिवस पंप उघडण्यात गेला. पंपात काही नव्हतंच. जुना फिल्टर काळाकुट्ट होऊन जागेवर बसला होता. तेव्हापासून मी अशा प्रश्नाला आलेलं नुसतं ‘हो’ कधीच पुढे सरकवत नाही. परत विचारते, “हो म्हणजे बदलला, की हो म्हणजे राहिला?” लोकांना मी मंद वाटते, वाटू दे.

फ्रेंचांकडे याच कामाला ‘सी’ आहे, स्वीडिश-नॉर्वेजियनमध्ये ‘यू’च्या जवळ जाणारा ‘यो’. इंग्रजीकडेही हे होतं. ‘ये’ आणि ‘ने’ साध्या प्रश्नाला, ‘येस’ आणि ‘नो’ नकारार्थी प्रश्नाला, अशी चार खणांची पेटी होती. १५२६ साली विल्यम टिंडेलनं बायबलचा नवा करार इंग्रजीत आणला, त्यात एका साध्या प्रश्नाला ‘नो’ असं उत्तर छापलं गेलं, ‘ने’ हवं होतं. सर टॉमस मोर यांनी १५३२ मध्ये त्यावरून टिंडेलला शाळामास्तरासारखं झापलं. आणि झापताना नियम सांगण्यात स्वतःच घसरले. म्हणजे तेव्हाच ती पेटी खिळखिळी झाली होती. पुढे दोन खण गेले ते गेलेच. म्हणून इंग्रजीत ‘डोन्ट यू वाँट इट?’ ला काय म्हणावं याचा घोळ आपलाच होतो असं नाही.

हावभावांबद्दल दोनच गोष्टी. ग्रीक नकार म्हणजे भुवया वर, हनुवटी किंचित मागे, जमल्यास जिभेचा ‘च्’. आपल्याकडचा ‘च्’ ओळखीचा असल्यानं हे आपल्याला जड जात नाही. बल्गेरियात मात्र मान उभी हलली की नाही आणि आडवी हलली की हो. उत्तर स्वीडनमध्ये, उमेओच्या बाजूला, होकारासाठी शब्दही खर्च करत नाहीत, ओठ चंबू करून झपकन श्वास आत ओढतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, याला काही झालं का? आणि ब्राझीलच्या दुकानात शिरलात तर दुकानदार हसून ‘पॉइस नांव’ म्हणेल, शब्दशः ‘तर मग नाही’. अर्थ ‘बोला, काय सेवा करू?’ ‘पॉइस सिं’, ‘तर मग हो’, म्हणाला तर समजा तो तुम्हाला उडवून लावतोय. मराठीत ‘हो, देतो तर!’ म्हणतो तसंच ते.

आता तुमच्या ब्रनोच्या टेबलाशी परत. सहकारी ‘नो, नो’ म्हणत असेल तोवर बोलत राहा; तुमचं पटतंय किंवा निदान पोचतंय. ‘ने’ ऐकू आला तर थांबा, तो खराखुरा आपल्या घराण्यातला नकार आहे. ‘नो ने’ असं आश्चर्यानं म्हणाला तर ‘काय सांगतोस!’. आणि तुम्ही मध्येच थांबलात, त्यानं भुवया उंचावून लांबट ‘नोओ?’ केलं, तर तो तुम्हाला अडवत नाहीये. तो विचारतोय, ‘मग? पुढे?’

(माझ्या आईनं एकदा मला चेक अनुवादकाशी फोनवर बोलताना ऐकलं. मीही त्याच्या नादानं ‘नो, नो, नो यो’ करत होते. फोन ठेवल्यावर म्हणाली, “अगं, गरीब दिसतोय बिचारा. एकदा तरी हो म्हण त्याला.”)